उजव्या हाताची गोष्ट

गिटार वाजवणाऱ्याकडे बघताना सगळ्यांची नजर त्याच्या डाव्या हाताकडे जाते. साहजिकच आहे. डावा हात दांडीवर वरखाली धावतो, बोटं फाकवून अवघड आकार करतो, बघणाऱ्याला त्यातली मेहनत दिसते. उजवा हात एका जागी असतो. पण जाझ गिटार आणि ब्राझीलचं लोकप्रिय संगीत ही दोन जगं गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत एकमेकांत मिसळली, त्यांची गोष्ट मला नेहमी उजव्या हाताची गोष्ट वाटत आली आहे. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर, रेकॉर्ड ऐकून उचलता येते, वहीत उतरवता येते, न्यूयॉर्कहून रिओला आणि रिओहून मुंबईला नेता येते. लय अशी हातोहात नेता येत नाही. उजवा हात ज्या गावात, ज्या आवाजांच्या शेजाराने घडला, तिथलं वळण तो सहसा सोडत नाही. दुसऱ्याच्या हाताला ते वळण लागायला वर्षं जातात, आणि काहींना ते कधीच लागत नाही.

सुरुवात जुआंव जिल्बेर्तोपासूनच करायला हवी. ब्राझीलचा गायक आणि गिटारवादक. सांबा या तिथल्या नाचाच्या संगीतातून ‘बोसा नोव्हा’ नावाची शांत शैली घडली ती त्याच्या हातात. जन्म १० जून १९३१, बाईया राज्यातल्या जुआझेइरो गावी, साओ फ्रान्सिस्को नदीच्या काठावर. १९५० साली तो एका गायकवृंदात गायला म्हणून रिओला आला आणि तालमींना उशिरा येणं, न येणं यापायी थोड्याच काळात तिथून बाहेर पडला. त्यानंतरची काही वर्षं फार वाईट गेली. राहायला धड जागा नाही, हाताला काम नाही, आणि मिळेल ते काम करायची तयारीही नाही. मित्रांच्या घरी मुक्काम. एका मित्राने त्याला दक्षिणेत पोर्तो आलेग्रेला नेलं. तिथून तो मिनास जेराइसच्या डोंगरांत, दियामान्तिना नावाच्या जुन्या हिऱ्यांच्या गावी बहिणीकडे गेला. बहिणीचं मूल लहान होतं. जुआंव दिवसच्या दिवस न्हाणीघरात गिटार घेऊन बसायचा, कारण तिथल्या फरशांवरून आवाज परत यायचा आणि स्वतःचा प्रत्येक सूर त्याला नीट ऐकू यायचा. एकच कॉर्ड, एकच ठेका, पुन्हा पुन्हा. पुढे घरच्यांना त्याच्या मनःस्थितीची काळजी वाटली आणि त्याला साल्वादोरच्या इस्पितळात मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आलं. डॉक्टरांनी थोड्याच दिवसांत घरी पाठवलं.

१९५७ मध्ये तो रिओला परतला तेव्हा त्याच्या उजव्या हातात जे होतं ते आधी कुणाकडेच नव्हतं. दुसऱ्या वर्षी एलिझेत कार्दोझो या मोठ्या गायिकेच्या एलपीवर, संगीतकार टॉम जोबिम आणि कवी विनिसिउस द मोराइस यांच्या गाण्यांना, त्याने दोन ठिकाणी गिटारची साथ केली. ऐकणाऱ्यांचे कान टवकारले ते त्या साथीने. मग १० जुलै १९५८ ला त्याने स्वतःच्या आवाजात ‘शेगा द सौदाद’ ध्वनिमुद्रित केलं. स्टुडिओत त्याने दोन मायक्रोफोन मागितले, एक गळ्याला आणि एक गिटारला. त्या काळी हे ऐकून तंत्रज्ञ वैतागले होते. मला ही मागणी अगदी रास्त वाटते. त्याच्या दृष्टीने तिथे दोन कलावंत बसले होते.

तो उजवा हात नेमकं काय करतो ते जवळून बघण्यासारखं आहे. ताल दोन मात्रांचा. अंगठा प्रत्येक मात्रेवर खर्जाचा एक सूर लावतो, न चुकता, एकाच वजनाने. सांबाच्या पथकात सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो. तो दुसऱ्या मात्रेवर जोर देतो. जुआंवने तो जोर काढून घेतला, दोन्ही मात्रा सारख्या केल्या आणि एवढा ढोल एका अंगठ्यात आणून ठेवला. वर तर्जनी, मध्यमा आणि अनामिका तीन तारा एकदम उचलतात. तारांवरून हात फिरवायचा नाही, चिमटीत धरल्यासारख्या तिन्ही एका क्षणी सोडायच्या. ही तीन बोटं म्हणजे पथकातलं तांबोरिं, काठीने वाजवायची बिनझांजांची छोटी डफली. अंगठा सरळ चालतो आणि बोटं त्याच्या अलीकडे-पलीकडे पडतात.

त्याहून नाजूक गोष्ट पुढे आहे. कॉर्ड बदलायची ती समेवर, असं आपण धरून चालतो. जुआंव नवी कॉर्ड समेच्या पाव मात्रा आधीच वाजवून मोकळा होतो. अंगठा मात्र समेवरच उतरतो. स्वरांचा रंग आधी बदलतो आणि खालची जमीन नंतर. कान क्षणभर अधांतरी राहतो आणि लगेच सावरतो, आणि हे गाणंभर चालू असतं. त्यात गळा तिसरीकडेच. हलकासा, कंप नसलेला, बोलल्यासारखा आवाज. एखादी ओळ ठेक्याच्या पुढे निघून जाते, तीच ओळ दुसऱ्या वेळी इतकी मागे रेंगाळते की आता ही समेला पोचणार कशी अशी धाकधूक वाटते. पोचते. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला ही धाकधूक ओळखीची आहे. फरक एवढाच की इथे ठेका धरणारा आणि लयीशी खेळणारा एकच इसम आहे, आणि तो कुजबुजीएवढ्या आवाजात हे करतो आहे.

वांद्र्याला ज्या सरांकडे मी शिकले ते मूळचे गोव्याचे. तरुणपणी हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलेले, नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचणारे. एकदा त्यांनी माझा डावा हात तारांवर आडवा ठेवायला लावला, सूर उमटूच नये असा, आणि म्हणाले, आज फक्त उजवा. नुसती टकटक ऐकू येत होती. माझा अंगठा सारखा बोटांच्या मागे जायचा. बोटं मात्रेआधी पडली की अंगठाही मात्रेआधी.

“बाय, अंगठा घाबरतोय तुझा,” सर म्हणाले. “बोटं काय करताहेत ते त्याला कळू देऊ नकोस.”

“पण सर, हात एकच आहे ना.”

“हात एक. माणसं दोन.”

मग त्यांनी सांगितलं की साठच्या दशकात त्यांच्या बँडकडे परदेशातून छापील नोटेशन यायचं, वरच्या कोपऱ्यात ‘बोसा नोव्हा’ असं लिहिलेलं. ड्रमर काठी आडवी धरून कडेवर टिकटिक करायचा, गिटारवाला कागदावरच्या कॉर्ड्स वाजवायचा, लोक नाचायचे. “नोट बरोबर, टाइम बरोबर, आणि तरी ते नव्हतं,” असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात खरी खंत होती. पुढे कुणीतरी जुआंवची रेकॉर्ड आणून दिली आणि त्यांनी कागद बाजूला ठेवला.

कागदावर न उतरणारं हे जे काही आहे ते आलं कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. ब्राझीलमध्ये गिटार हे फार काळ रिकामटेकड्यांचं वाद्य मानलं गेलं. घरंदाज दिवाणखान्यात पियानो, गिटार रस्त्यावर आणि दारूच्या गुत्त्यात. २६ ऑक्टोबर १९१४ ला रिओच्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात, कातेते पॅलेसमध्ये, अध्यक्षांच्या पत्नी नायर द तेफे यांनी शिकिन्या गोन्झागा या संगीतकार बाईंची ‘कोर्ता-जाका’ ही नाचाची चीज गिटारवर वाजवली. केवढा गहजब झाला. रुय बार्बोझा या नामांकित नेत्याने सिनेटमध्ये उभं राहून त्या प्रकाराचे वाभाडे काढले. आपल्याकडे ढोलकी आणि घुंगरू यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा सूर परका वाटणार नाही.

पण वाड्याबाहेर, रिओच्या उपनगरांतल्या परसदारी, शोरो या जुन्या शहरी वाद्यसंगीताच्या बैठकी चालू होत्या. बासरी, छोटं चार तारांचं काव्हाकिन्यो, पांदेइरो ही झांजांची डफली आणि गिटार. गिटारवाल्याचं काम खर्जातून चाल विणायची, वरच्या सुरावटीला खालून उत्तर द्यायचं. त्यासाठी काहींनी सहा तारांच्या खाली सातवी तार लावली. दिनो नावाचा वादक त्या सात तारांचा अधिकारी पुरुष झाला. म्हणजे अंगठा स्वतंत्र बुद्धीने चालवायची सवय ब्राझीलच्या गिटारला जुआंवच्या आधीपासून होती. आणि गारोतो होता. खरं नाव अनिबाल आउगुस्तो सार्दिन्या, साओ पावलोचा, १९१५चा जन्म. तारांचं कोणतंही वाद्य हातात द्या, वाजवायचा. १९३९-४० मध्ये गायिका कार्मेन मिरांदाच्या साथीला अमेरिकेत राहून आला. त्याच्या ‘दुआस कोन्तास’मधल्या कॉर्ड्स ऐकल्या की बोसा नोव्हा जन्मायच्या आधीच हे कसं काय, असं वाटत राहतं. १९५५ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला. बोसा नोव्हाच्या गोष्टीत त्याचं नाव ज्या घाईने उरकलं जातं ते मला पटत नाही. जुआंवने उजवा हात नव्याने घडवला हे खरं, पण डाव्या हातासाठी दार गारोतोने उघडून ठेवलं होतं.

आता उत्तरेकडून काय आलं ते. ओक्लाहोमा सिटीत वाढलेला चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि विजेवरच्या गिटारवर सॅक्सोफोनसारखे लांब, एकेका सुराचे पल्ले वाजवू लागला. १९४२ मध्ये क्षयाने गेला तेव्हा पंचविशीत होता. जेमतेम अडीच-तीन वर्षांचं काम, आणि नंतरचा प्रत्येक जाझ गिटारवादक त्याचं देणं लागतो. त्याच ओक्लाहोमातला बार्नी केसेल त्याला गुरुस्थानी मानायचा. १९५५ साली ज्युली लंडन या गायिकेची पहिली एलपी निघाली, साथीला फक्त दोघं, गिटारवर केसेल आणि बासवर रे लेदरवुड. ना पियानो, ना ड्रम. ही रेकॉर्ड रिओला पोचली आणि कोपाकाबानाच्या पोरांनी तिची पारायणं केली. रोबेर्तो मेनेस्काल, कार्लोस लिरा ही सगळी विशीच्या आतबाहेरची मंडळी, नारा लिआंवच्या समुद्रासमोरच्या घरी जमणारी. एका गळ्याला एक गिटार पुरते, आणि कॉर्डमध्ये जरा तिरपे, अनपेक्षित सूर घातले की ती गिटार अख्ख्या वाद्यवृंदासारखी भरते, हे त्यांनी केसेलकडून घेतलं.

यावरून ब्राझीलमध्ये मोठं भांडण झालं. जुझे रामोस तिन्योरांव या समीक्षकाने आयुष्यभर बजावलं की बोसा नोव्हा म्हणजे मध्यमवर्गीय पोरांनी जाझची केलेली नक्कल. खुद्द लिराने १९६२ मध्ये ‘इन्फ्लुएन्सिया दो जाझ’ नावाचं गाणं केलं, जाझमध्ये मिसळून सांबाचं काय होत चाललंय अशी तक्रार करणारं. मी तिन्योरांवच्या बाजूची नाही, पण त्याच्या चिंतेत तथ्य होतं हे मान्य करते. कॉर्ड्स आल्या हे खरंच. तरी त्या गाण्यांतला उजवा हात ऐका. केसेलचा नाही तो, ख्रिश्चनचाही नाही. जाझमध्ये गिटारचा साथीचा हात म्हणजे फ्रेडी ग्रीन, काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून पन्नास वर्षं बसलेला, चार मात्रांवर चार कॉर्ड, विजेशिवाय, जवळजवळ ऐकूच न येणाऱ्या. विलक्षण हात. पण त्याची चाल वेगळी, पावलांची. कोपाकाबानाच्या पोरांच्या बोटांतून जे निघत होतं ते रिओच्या टेकड्यांवरच्या सांबा पथकांचं होतं, आणि जुआंव स्वतः तर शेवटपर्यंत, आपण सांबा गातो, एवढंच म्हणत राहिला.

उलट दिशेची वाहतूक मला अधिक उद्बोधक वाटते. तशी सुरुवात आधीच झाली होती. लॉरिंदो आल्मेइदा १९४७ मध्ये अमेरिकेत जाऊन स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदात बसला आणि १९५३ मध्ये बड शँकच्या सॅक्सोफोनबरोबर त्याने ब्राझीलच्या चिजा ध्वनिमुद्रित केल्या. पण गाजला तो चार्ली बर्ड. व्हर्जिनियाचा माणूस. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांनी वाजवणारा, १९५४ मध्ये इटलीत सिएनाला सेगोव्हिया या शास्त्रीय गिटारच्या उस्तादापाशी शिकून आलेला, आणि वॉशिंग्टनच्या क्लबांत जाझ वाजवणारा. १९६१ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याला दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं. परतताना त्याने ही गाणी आणली, सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झला ऐकवली, आणि १३ फेब्रुवारी १९६२ ला वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात ‘जाझ सांबा’ मुद्रित झाली. पॉप एलपींच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली, जाझच्या रेकॉर्डला क्वचित मिळणारा मान.

या रेकॉर्डवर माझं प्रेम आहे. गेट्झचा सॅक्सोफोन त्यात वाऱ्यासारखा वाहतो. पण वादकांची नावं वाचा. ड्रमवर दोघं जण आहेत, बडी डेपनश्मिट आणि बिल रायखेनबाख. माझ्या कानांना त्याचं कारण सरळ दिसतं. जुआंवच्या एका हातात जे होतं ते उभं करायला वॉशिंग्टनमध्ये दोन ड्रमर बसवावे लागले. बर्डचा उजवा हात शास्त्रीय शिस्तीचा, सूर मोत्यांसारखे सुटे. देखणा हात आहे. त्यात ढोल मात्र नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च १९६३ मध्ये, गेट्झ न्यूयॉर्कच्या स्टुडिओत प्रत्यक्ष जुआंवबरोबर बसला. पियानोवर जोबिम, ड्रमवर मिल्टन बनाना. जुआंवची पत्नी आस्त्रुद हिने इंग्रजी कडवी गायली आणि एका रात्रीत जगाला ठाऊक झाली. १९६५ मध्ये ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ला त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, जाझच्या वाट्याला ते पहिल्यांदाच आलं होतं. त्या रेकॉर्डवर मिल्टन बनाना जवळजवळ काहीच करत नाही असं वाटतं. करायची गरजच नाही, कारण गिटार ते काम करते आहे. एकदा सॅक्सोफोन आणि गळा दोन्ही मनातून बाजूला सारून नुसता अंगठा ऐकावा. गेट्झ कितीही फुलला तरी अंगठा त्याच वजनाने चालत असतो.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर वेस मॉन्टगोमरीपाशी थांबायलाच हवं. इंडियानापोलिसचा, १९२३चा जन्म. विशीच्या आसपास चार्ली ख्रिश्चन ऐकला आणि गिटार विकत आणून त्याचे सोलो सूर-न्-सूर पाठ केले. नोटेशन वाचता येत नव्हतं. दिवसभर कारखान्यात काम, घरी मोठं कुटुंब, रियाज रात्री. तारा छेडायच्या पट्टीने, म्हणजे पिकने, वाजवलं तर शेजारीपाजारी, घरचे उठायचे, म्हणून पट्टी बाजूला ठेवून तो अंगठ्याच्या गादीने वाजवू लागला. एका अडचणीतून जाझ गिटारचा सर्वांत ऊबदार आवाज जन्माला आला. शिवाय सप्तकं. एकच सूर दोन सप्तकांत एकदम, मधली तार डाव्या हाताने दाबून मुकी ठेवायची, आणि हे सगळं एका अंगठ्याने, धावत्या लयीत. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने त्याला ऐकलं आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीला गळ घातली. १९६० मध्ये आलेल्या एलपीने त्याचं नाव झालं. १५ जून १९६८ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

दोन अंगठे, दोन खंड, आणि दोघांनाही आवाज मोठा करायचा नव्हता. पण वेसचा अंगठा गातो आणि जुआंवचा चालतो. वेसने सुरावट अंगठ्यावर आणली, जुआंवने सुरावट गळ्याकडे सोपवून अंगठ्याला जमिनीवर ठेवलं. १९६६ मध्ये वेसने ‘टकीला’ नावाच्या एलपीवर जोबिमचं ‘इन्सेन्सातेझ’ वाजवलं. त्याच एलपीवर त्याची स्वतःची एक रचना आहे, तिचं नाव ‘द थंब’. त्या इन्सेन्सातेझमध्ये त्याने ब्राझीलचा हात उसना घ्यायचा प्रयत्नच केलेला नाही. चाल घेतली, दुःख घेतलं, आणि आपल्या इंडियानापोलिसच्या अंगठ्याने वाजवलं. जाझवाल्यांनी वाजवलेल्या ब्राझीलच्या गाण्यांत मला ते सर्वांत खरं वाटतं, ते याचसाठी.

ब्राझीलचा उजवा हात म्हणजे सगळा असा शांत, असं मात्र समजू नये. बाडेन पॉवेल ऐकला की हा समज उडून जातो. रिओ राज्यातल्या व्हारे-साय गावी १९३७ मध्ये जन्म. बालवीर चळवळीवर प्रेम करणाऱ्या वडिलांनी मुलाला तिच्या संस्थापकाचं नाव दिलं. शिक्षण मेइरा या शोरो गिटारवादकाकडे. याच मेइराने पुढे रफाएल राबेलो या गिटारवादकालाही घडवलं. बाडेनच्या हातात नखांची धार आहे, आघात आहे, वादळ आहे. विनिसिउस द मोराइस या कवी-मुत्सद्द्याबरोबर त्याने बाईयाच्या कांदोंब्ले पूजांच्या, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या लयी गाण्यांत आणल्या. १९६६ मध्ये ‘ओस आफ्रो-सांबास’ निघाली. ‘बेरिंबाउ’ हे त्यांचंच गाणं. बेरिंबाउ म्हणजे धनुष्याला एक तार आणि बुडाशी भोपळा, कापोएराच्या खेळात वाजणारं वाद्य. बाडेन गिटारची सर्वांत जाड तार एक सूर खाली उतरवतो आणि दोन सुरांचा तो झोका अंगठ्याने इतका हुबेहूब उभा करतो की लाकडाची गिटार विसरायला होते. अशा वेळी मला तिन्योरांवची चिंता अनाठायी वाटते. जो हात एकतारी धनुष्यापर्यंत मागे पोचतो त्याला चार तिरप्या कॉर्ड्स काय करणार? बाडेन पुढे कितीतरी वर्षं युरोपात राहिला, पॅरिसमध्ये आणि मग जर्मनीत चक्क बाडेन-बाडेन या गावी. २००० साली रिओत वारला. हात शेवटपर्यंत व्हारे-सायचाच होता.

आपल्याकडेही या गोष्टीचे धागे आहेत, पण ते ओढूनताणून जोडू नयेत. पोर्तुगीजांचं राज्य गोव्यावरही होतं आणि ब्राझीलवरही, म्हणून दोन्हीकडे एकच संगीत उगवलं असं झालं नाही. गोव्यात चर्चच्या शाळांनी पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं. त्या वाचता येणाऱ्या बोटांवर मुंबईचे जाझ बँड आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे राहिले. ब्राझीलची गिटार परसदारी, कानाने वाढली. मुंबईत बोसा नोव्हा आला तो याच वाचणाऱ्या वादकांच्या हातून. राहुलदेव बर्मन यांनी १९६६ च्या ‘पती पत्नी’त आशाबाईंकडून त्या लयीतलं एक गाणं गाऊन घेतलं, ते आजही ताजं वाटतं. पण गिटारचा माणूस म्हटला तर अमान्सियो डि’सिल्वा. जन्म १९३६, मुंबई, घराणं गोव्याचं. १९६७ च्या सुमारास लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याचा ‘इंटिग्रेशन’ आला, त्याच वर्षी जमैकाच्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर ‘हम दोनो’. जाझ गिटारवर रागांचे स्वरसमूह, मींड, एखाद्या स्वरावर सतारीसारखा मुक्काम. त्याने ब्राझीलची नक्कल केली नाही, वेसचीही नाही. ज्या कानांनी तो मुंबईत वाढला ते कान घेऊन वाजवत राहिला. १९९६ मध्ये लंडनमध्ये गेला, आणि इथे त्याचं नाव माहीत असलेली माणसं आजही विरळा. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढच्या पिढीत हा व्यवहार बरोबरीचा झाला. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेचा गिटारवादक तोनिन्यो ओर्ता, मिल्टन नासिमेन्तो आणि लो बोर्जेस या गायकांच्या १९७२ च्या ‘क्लुब दा एस्किना’ या एलपीवर वाजवणारा. अमेरिकेत मिसूरीत वाढलेल्या पॅट मथीनी या जाझ गिटारवादकाने त्याच्यातून किती घेतलं हे मथीनीच्या ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्ड्सवर शब्दांवाचून गाणारे गळे आणि पायऱ्या चढत जाणाऱ्या कॉर्ड्स ऐकल्या की कळतं. तोनिन्योच्या १९८० च्या एलपीवर मथीनी पाहुणा म्हणून वाजवतो. तिथे कोण कुणाकडून घेतंय हे सांगणं कठीण होतं.

जुआंव मात्र आपल्या जागी राहिला. १९७३ ची त्याची पांढऱ्या वेष्टनाची एलपी म्हणजे गळा, गिटार आणि सनी कारचं अगदी जपून वाजवलेलं तालवाद्य, बस. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने त्याच्या पहिल्या तीन एलपी एकत्र काढताना ध्वनीत फेरफार केले, तेव्हा तो कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं लढला. लोकांनी त्याला विक्षिप्त म्हटलं. न्हाणीघरात बसून ज्याने एकेका सुराचं वजन ठरवलं त्याला ते वजन दुसऱ्या कुणी बदललेलं चालणार कसं? ६ जुलै २०१९ ला तो गेला.

आणि एक नाव, जे अशा लेखांत बहुधा येतच नाही. गिटारवादक रोझिन्या द व्हालेन्सा, खरं नाव मारिया रोझा कानेलास, १९४१ चा जन्म, रिओ राज्यातलं व्हालेन्सा गाव. सांगतात की सेर्जिओ पोर्तो या पत्रकाराने तिला ऐकलं आणि ही मुलगी अख्ख्या गावाच्या वाटचं वाजवते म्हणून गावाचंच नाव तिला जोडलं. पुरुषांनी भरलेल्या त्या जगात ती केवळ हाताच्या जोरावर उभी राहिली, एलेन्को कंपनीसाठी तिची स्वतःची एलपी निघाली, सेर्जिओ मेन्देस या पियानोवादकाच्या बँडबरोबर अमेरिकेला गेली. तिच्या हातात बाडेनचा आघात आणि जुआंवची शिस्त दोन्ही आहेत. तार उचलताना ती किंचित घाई करते आणि त्या घाईत जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कुणाकडे सापडलेला नाही. १९९२ मध्ये हृदयक्रिया बंद पडून ती बेशुद्धीत गेली आणि बारा वर्षं तशीच राहून २००४ मध्ये वारली. जुआंव, बाडेन, वेस यांच्या रेकॉर्ड्स तुम्हाला कुणीही सुचवेल. तुम्ही रोझिन्याची ती एलेन्कोची एलपी शोधा, पहिल्यांदा नुसती ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना तिचा अंगठा कुठे आहे ते बघा.